ढेकूण आणि धान्यातल्या गोळ्या

प्रश्न : आम्ही विठ्ठलवाडी स्टेशनजवळ चाळीत राहतो. जुना दिवाण आणल्यापासून ढेकणांनी हैराण केलंय. शेजारी म्हणतात, धान्यात ठेवतात त्या विषारी गोळ्या खोलीत ठेवून दोन दिवस गावी जा. ठेवू का?

उत्तर : मुळीच नको. त्या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. तुम्ही गावी जाल, पण चाळीच्या भिंती सामाईक. वायू फटींतून पलीकडे झोपलेल्या लेकरांपर्यंत पोहोचेल. त्यावर उतारा नाही. म्हणूनच या गोळ्यांची किरकोळ विक्री कायद्याने बंद आहे.

घर बंद ठेवूनही ढेकूण मरत नाही, तो महिनोन् महिने उपाशी राहतो. रॉकेल तर नकोच, आगीचा धोका.

आधी दिवाण उलटा करा. सांधे, खिळ्यांची भोकं, गादीची शिवण इथे काळे ठिपके दिसतील, तिथेच त्यांचं घर. चादरी-अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. गादी नुसती उन्हात टाकली तर ते सावलीच्या बाजूला सरकतात. फवारणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि एकदा करून थांबू नका. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी हवीच. माझ्या मते इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

शेजाऱ्यांनाही सोबत घ्या, आणि त्या गोळ्यांबद्दल त्यांना आजच सांगा.