उतारावरचे दीड रुपये

२२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत पेट्रोल चौदा वेळा महागले. त्याआधी साडेचार महिने दर जागचे हलले नव्हते. ४ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपयांची कपात केली, तेव्हापासून सगळे शांत होते. मग युक्रेनचे युद्ध पेटले, कच्चे तेल भडकले, पाच राज्यांच्या निवडणुका उरकल्या आणि बहुतेक दिवशी ऐंशी-ऐंशी पैशांनी दर चढू लागला. ६ एप्रिलला मुंबईत लिटरला १२० रुपये ५१ पैसे झाले. मराठवाड्यात आम्हाला त्याहून जास्तच मोजावे लागतात. परभणीचे नाव तर प्रत्येक दरवाढीत राज्यातले सर्वांत महाग पेट्रोल म्हणून पेपरात येते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून तेल आणायचे म्हणजे जवळपास तीनशे किलोमीटरचे टँकरचे भाडे, आणि ते शेवटी टाकी भरणाऱ्याकडूनच वसूल होते.

आम्हा अप-डाऊनवाल्यांवर ही दरवाढ दुहेरी कोसळली, कारण नेमक्या त्याच दिवसांत एसटी बंद होती. शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचारी नोव्हेंबरपासून संपावर होते. उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या म्हणून सांगितले तेव्हा कुठे गाड्या पूर्ववत सुरू झाल्या. हदगावला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचे काम आम्ही वर्षानुवर्षे बघतो आहोत. मी हदगावच्या शाळेत शिकवते आणि नांदेडला राहते. एका बाजूचे अंतर साधारण पासष्ट किलोमीटर: आसना पूल, भोकर फाटा, अर्धापूर, वारंगा फाटा, हदगाव. शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले, दवाखान्यातले असे कितीतरी लोक हा रस्ता रोज तुडवतात. संपात आम्ही चौघांनी मिळून एका सरांची गाडी धरली आणि पेट्रोल वाटून घेऊ लागलो. तिथपर्यंत ठीक होते. पण भाव वाढू लागले तसे ज्याच्या त्याच्या तोंडी पेट्रोल वाचवायच्या युक्त्या आल्या, आणि त्यातली एक आम्हाला खड्ड्यात घेऊन गेली. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या रस्त्याला घाट नाही. पण माळरानाचे लांब चढ-उतार आहेत. गाडी चालवणाऱ्या सरांना कोणीतरी सांगितले होते की उतारावर न्यूट्रल करायचे आणि चावीही फिरवायची. आम्ही कुरकुर केली की ते म्हणायचे, "मॅडम, फुकट पळायली की गाडी! का उगं पेट्रोल जाळायचं?" दहावीच्या परीक्षेचे दिवस होते, शाळेतून निघायला उशीर झाला. वारंगा फाटा ओलांडून अर्धापूरकडे येताना एका उतारावर सरांनी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केले. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्या वर्षी मराठवाड्यात ऊस इतका होता की गाळप उन्हाळा संपत आला तरी चालू राहिले, त्यामुळे मार्चअखेरीसही रस्ता ट्रॉल्यांनी भरलेला असे. सरांनी ब्रेक दाबला, गाडी थोडी थांबल्यासारखी झाली. सोडून पुन्हा दाबला तर पेडल दगडासारखे. स्टिअरिंगही जड. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी मुरमावरून घसरत रस्त्याच्या कडेच्या नालीत गेली. पुढच्या सीटवरच्या दुसऱ्या सरांचे गळ्याजवळचे हाड मोडले. मागे बसलेल्या आम्हा दोघींना मुका मार लागला. ट्रॉलीखाली गेलो नाही, हे नशीब.

असे का होते हे मला नंतर आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने दाखवले, आणि ते प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवे. पेट्रोल गाडीच्या ब्रेकला बळ मिळते ते इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या निर्वातातून. इंजिन बंद केले की ब्रेकच्या बूस्टरच्या डब्यात साठलेले बळ एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरतेच पुरते. मग सगळा जोर पायाने लावावा लागतो, आणि ऐन वेळी तेवढा जोर बहुतेकांच्या पायात नसतो. पॉवर स्टिअरिंगही इंजिनबरोबर झोपते. चावी पूर्ण काढली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका वेगळाच. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनचा आपला असा जो अडसर असतो, तो निघून जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि वाचते किती? छोट्या गाडीचे इंजिन नुसते जागेवर चालू ठेवले तर तासाला साधारण सहा-सातशे मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे एका मिनिटाच्या उताराला दहा-बारा मिलिलिटर. त्या दिवसांच्या दराने दीड रुपयाच्या आत. तेही जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत तेवढेही नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की उतारावर इंजिनला जाणारे पेट्रोल संगणकच तोडतो; चाकेच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या जवळपास सगळ्या कार आणि एप्रिल २०२० नंतर, बीएस-सहा आल्यावर, विकल्या गेलेल्या बहुतेक दुचाकी यांना न्यूट्रलने फायदा तर नाहीच, तोटाच आहे. गॅरेजचे आणि दवाखान्याचे बिल मिळून जे झाले, त्यात आमच्या चौघांचे कित्येक महिन्यांचे पेट्रोल आले असते.

मग वाचते कशात? संप मिटायच्या आत आम्ही दुसरी गाडी धरली आणि मी हे सगळे नीट लिहून पाहिले. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा टिपायचा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरली की किती लिटर बसले ते बघायचे. बाकी काही मोजायची गरज नाही. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नका, तो बहुधा जरा खुशामत करतो.

सगळ्यात मोठा फरक पडला वेगाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: साठच्या ठिकाणी नव्वदने गेलात तर तो सव्वादोनपट होतो. पीसीआरए ही पेट्रोलियम मंत्रालयाची इंधन बचतीची संस्था कित्येक वर्षे सांगते आहे की ताशी ४५ ते ५५ च्या वेगाला गाडी ८० पेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज देते. महामार्गावर ४५ ने जाणे धोक्याचे, ते मी सांगणार नाही. पण नव्वदवरून पासष्टवर या. आमच्या गाडीचे ॲव्हरेज सोळावरून एकोणिसाच्या आसपास गेले. रोजच्या एकशेतीस किलोमीटरला सव्वा लिटर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दीडशे रुपये. वेळ गेला तो एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे, कारण मध्ये गावे, फाटे, बैलगाड्या असतातच. दीड रुपयासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस हे दीडशे रुपये मात्र उजव्या पायाने रोज उधळत असतो. नागपूर-तुळजापूर महामार्गाचे, म्हणजे आमच्याच रस्त्याचे, रुंदीकरण होत गेले तसे मी हेच पाहिले. रस्ता चांगला झाला की पेट्रोल वाचेल असे सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात खड्डे गेले आणि काटा शंभरावर गेला.

दुसरी गोष्ट हवा. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जड ओढते, पेट्रोलही जाते आणि उन्हाळ्यात टायर फुटायची भीती. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. दुपारी तापलेल्या टायरवर हवा मोजली तर आकडा फुगलेला येतो. सकाळी, गाडी फार चाललेली नसताना मोजा. दाराच्या चौकटीवर कंपनीने आकडा छापलेला असतो, तोच धरा. पंक्चरवाला अंदाजाने भरतो तो धरू नका.

सकाळी गारव्यात पेट्रोल भरले की जास्त मिळते, हा समज मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकते. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, त्यातल्या तेलाचे तापमान सकाळ-दुपारी फारसे बदलत नाही. शंभरऐवजी एकशेदहाचे टाका म्हणजे माप मारत नाहीत, हेही तसलेच. मापाबद्दल शंका असेल तर सरळ पाच लिटरचे प्रमाणित माप मागा. ते पंपावर असतेच, आणि तुम्हाला मागायचा हक्क आहे. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त फरक आला तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते. हे मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, मागे लाइन लागलेली असते. तरी मागा.

इथेनॉलबद्दल लोक विचारतात म्हणून थोडे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणार. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाकीला सहा-सात टक्के आणि दुचाकीला तीन-चार टक्के घट धरली आहे. म्हणून ॲव्हरेज सोळाचे पंधरा झाले तर घाबरून इंजिन उघडू नका. पण बाराला आले तर तो दोष इथेनॉलचा नाही, गॅरेजला दाखवा. आणि पेट्रोलमध्ये टाकायच्या गोळ्या, पावडरी, पाइपला लावायचे लोहचुंबक यांवर एक रुपयाही घालू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. भाव वाढले की आपल्याकडे घरगुती सिलेंडरमधला गॅस गाडीत भरून देणारे उगवतात. व्हॅन, रिक्षा, आणि त्याच व्हॅनमधून शाळेची लेकरे. हे बेकायदा आहे आणि स्फोटाला आमंत्रण आहे. आरटीओने मान्य केलेले किट, आरसी बुकावर नोंद आणि अधिकृत पंप, एवढे असेल तरच गॅसची गाडी. आई-बापांनी व्हॅनवाल्याला हे विचारायला लाजू नये. दरवाढीच्या अफवेने प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल साठवून ठेवणारेही तेवढेच चुकतात. लिटरमागे ऐंशी पैसे वाचवायला स्वयंपाकघराशेजारी पेट्रोल कोणी ठेवते का?

शेतकऱ्यांकडून मी एक शिकले. त्याच एप्रिलमध्ये तामसा, निवघा भागात हळद शिजवून वाळत पडली होती आणि बाजाराला न्यायचे भाडे परवडत नव्हते. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांनी तीन-चार जणांचा माल एकाच पिकअपमध्ये घातला, एकाच दिवशी वसमतला नेला. प्रत्येकाने आपापली गाडी काढली असती तर जाता-येता डिझेल तिप्पट-चौपट, आणि परतताना सगळ्या रिकाम्या. पेट्रोल वाचवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच आहे: एका गाडीत चार माणसे, एका फेरीत चार कामे. बँक, तहसील, दवाखाना, बाजार अशी प्रत्येक कामाला वेगळी मोटारसायकल काढणारे घर बघते तेव्हा वाईट वाटते. एकत्र जायचे तर पैशांचे आधीच ठरवा, दर आठवड्याला हिशेब मिटवा, आणि चालवणारा वेग वाढवत असेल तर मागच्या सीटवरून बोला. त्या दिवशी आम्ही नुसते कुरकुरलो, ठामपणे थांबवले नाही. चालक वयाने, मानाने मोठा असला तरी चाक त्याच्या हातात आणि जीव चौघांचा असतो.

आता एसटी आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले, तरी एकट्याने गाडी काढण्यापेक्षा बस कितीतरी स्वस्त पडते. मी आठवड्यातले बरेच दिवस बसनेच जाते. मात्र संध्याकाळच्या परतीच्या गाड्या कमी आहेत, आणि अप-डाऊनवाल्यांनी एकत्र येऊन आगाराकडे त्या वाढवून मागितल्या पाहिजेत. ज्यांना गाडीच लागते त्यांना एकच विनंती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू होतात, रस्त्यावर पुन्हा ट्रॉल्या येतात. उतारावर चावीला हात लावू नका, गाडी गिअरमध्येच ठेवा.