उन्हाळ्याची सुट्टी, मोबाइलमधला डाव आणि वाचायची पुस्तकं



आजचं वाचन: गीता, अध्याय 6, श्लोक 26.

मन चंचल आहे, ते जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावं, एवढाच या श्लोकाचा अर्थ. मला त्यातलं 'जिथे जिथे' फार आवडतं. भगवंत मनावर रागावलेले नाहीत. ते पळणार हे गृहीत धरूनच बोलतायत.

परीक्षा संपल्या की सत्संगाला येणारी मुलं दोन प्रश्न विचारतात. ताई, सुट्टीत काय वाचू? आणि गेम खेळणं सोडायलाच पाहिजे का? दोन्हीचं उत्तर आज एकत्र देते, कारण माझ्या घरात ते एकत्रच आले होते.

2024 च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ नवीन पनवेलला आमच्याकडे राहायला होता. हॉस्टेलचे 22 हजार त्याच्या खात्यात होते. पत्त्यांच्या एका ॲपवर ते दहा दिवसांत गेले. आम्हाला कळायला तीन आठवडे लागले. मी चिडून विचारलं, "एवढं काय होतं रे त्या खेळात?" तो म्हणाला, "ताई, मी खेळत नव्हतो गं. गेलेले परत यायची वाट बघत होतो."

हे वाक्य मी विसरलेले नाही. सभापर्वात युधिष्ठिर दुसरं काय करत होता? प्रत्येक पणाला आधीचं परत येईल ही आशा. म्हणून पहिलं पुस्तक इरावती कर्वे यांचं 'युगान्त' (1967). त्यातला द्रौपदीवरचा लेख आधी वाचा. इरावतीबाई त्या सभेकडे भाबडेपणाने बघत नाहीत, द्रौपदीलाही मोकळं सोडत नाहीत. काहींना ते खटकेल. मलाही पहिल्यांदा खटकलं होतं, तरी वाचा. जमलं तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त मराठी भाषांतरात शोधा. त्यात जुगारी स्वतः रडतो: बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. शेवटी त्याला सांगितलंय, फासे सोड, शेत नांगर. पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये झाला. सूक्त त्याच्या कितीतरी आधीचं.

पण द्यूत वेगळं आणि खेळ वेगळा, हे नीट समजून घ्या. आपल्या संतांना खेळाचं वावडं नव्हतं. तुकोबांची गाथा उघडा. विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, फुगडी, हमामा यांवर अभंग आहेत, आणि त्या गोपाळांच्या गर्दीत देव स्वतः खेळतोय. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर सांगते, अभ्यासकांना त्याचा ठाम पुरावा मिळालेला नाही, ते असो. त्या पटावर साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण, आणि शेवटचं घर मुक्तीचं. म्हणजे आपल्याकडे गेम डिझाइन होतं की! याच्यावर जेकब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने कोपनहेगन विद्यापीठात 2019 मध्ये मोठा प्रबंध लिहिलाय. इंग्रजीत आहे, जाड आहे, पण ज्यांना गेम बनवायचे आहेत त्यांनी नुसतं चाळलं तरी डोकं चालू होईल.

बनवणाऱ्यांसाठी आणखी एक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम आणला. सर्कशीतली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी. हे पुस्तक नाही, मान्य. पण देवाधर्माच्या गोष्टींतून आजची पोरं काय घडवू शकतात ते त्यात दिसतं.

निर्मितीचा विषय निघालाच आहे तर दुर्गा भागवतांचं 'पैस' हवंच. माउली नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगत होते असं मानतात, त्याच्यावर शीर्षकलेख आहे. सावकाश वाचायचं पुस्तक, लोकलमध्ये उभ्याने नको. आणि दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास: समर्थ चक्क अक्षर कसं काढावं, कागद-शाई कशी असावी, हे शिकवतात. ज्या शिवथर घळीत दासबोध लिहिला गेला असं सांगतात, ती महाड तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. एका दिवसाची सहल होते. पावसात दगड निसरडे असतात, जपून.

आता माझं मुख्य पुस्तक: विनोबांची 'गीताप्रवचने'. विनोबा शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. 1932 मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. खानदेशातला उन्हाळा, तुरुंग, आणि त्यातून हे पुस्तक! भाषा इतकी घरगुती आहे की आजी समजावतेय असं वाटतं. सहाव्या अध्यायावर बोलताना ते तीन गोष्टी मागतात: चित्ताची एकाग्रता, जीवनात परिमितता, आणि समदृष्टी. परिमितता म्हणजे मोजून-मापून वागणं. खेळही त्यात बसतो, झोपही, आणि हो, पुस्तकंसुद्धा.

त्या मे महिन्यात मी भावाला हेच पुस्तक दिलं. उपदेश म्हणून नाही, नाहीतर त्याने उघडलंच नसतं. "रविवारी एक अध्याय, दोघांनी मिळून, मोठ्याने," एवढंच ठरलं. पहिले दोन रविवार तो पंख्याखाली पेंगला. सहाव्याला मध्येच थांबून म्हणाला, "हे विनोबा तुरुंगात होते ना? मग यांना बोअर कसं नाही झालं?" त्यावर आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बोलत बसलो. मामाला फोन त्याने त्याच रात्री केला, स्वतःहून. मामा जवळजवळ महिनाभर त्याच्याशी धड बोलला नाही, तेही खरं.

अठरा रविवार पूर्ण व्हायला आम्हाला दिवाळी उजाडली. शिकवण्या घेऊन त्याने पैसे फेडलेत, शेवटचे चार हजार गेल्या गुढीपाडव्याला. मित्रांबरोबर बीजीएमआय अजून खेळतो, शनिवारी रात्री, तासभर. कधी दीड तास होतो. मामी मग दारात येऊन नुसती उभी राहते.

उद्याचं वाचन: अध्याय 6, श्लोक 27. ज्यांना या रविवारपासून 'गीताप्रवचने' सुरू करायचंय त्यांनी घरातलं कोणीतरी सोबत घ्या, आणि मोठ्याने वाचा.

राम कृष्ण हरी.