मैदान तिथंच, पोरं नवी

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या पोरांना मी कबड्डी शिकवतो. मी मास्तर नाही, बाजारात बी-बियाण्याचं दुकान आहे. तरी पोरं 'सर'च म्हणतात. आमचा संघ कुमार गटाचा, म्हणजे 20 वर्षांच्या आतला आणि 70 किलोच्या आतला गडी. संघ जमून आला, पोरांना एकमेकांच्या हालचाली कळायला लागल्या, की कुणाचं वय सरतं, कुणाचं वजन वाढतं. त्यामुळे आमच्या संघाचा इतिहास खेळाडूंच्या नावांनी सांगायला गेलं तर हाती काही लागत नाही. तो मातीचा, हंगामाचा आणि कागदपत्रांचा इतिहास आहे. त्यातून जे शिकलो ते असं.

1. संघाआधी मैदान करा. आमची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो, पावसाळ्यात एकेका पायाला किलोभर चिखल. अशा मातीत चढाई म्हणजे गुडघ्याशी वैर. आम्ही वरचा थर खोदून काढला, खाली मुरूम टाकून ठोकला आणि वर चाळलेली भुसभुशीत माती पसरली. 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद, शिवाय कडेनं पडायला मोकळी जागा. चाळायला धान्याची मोठी चाळणी, दाबायला मागून आणलेला रूळ. माती जरा ओलसर असतानाच रूळ फिरवावा लागतो. पाणी जास्त झालं तर माती रुळालाच चिकटून येते, कमी झालं तर दुसऱ्या दिवशी धूळ उडते. अंदाज यायला एक अख्खा उन्हाळा गेला. पाण्याचा असा खटाटोप दुसरीकडंही चालतो. कॅनडात छोट्या गावांतले लोक थंडीत अंगणात पाणी मारून बर्फ गोठवतात आणि त्यावर पोरं आइस हॉकी खेळतात. तिकडंही ज्युनियर गट साधारण 20 वर्षांपर्यंतच. पाणी मारण्याचं काम इथंही मोठ्या माणसांवरच येतं.

2. वेळापत्रक शेताला विचारून ठरवा. शालेय स्पर्धा ऐन सोयाबीन काढणीच्या सुमाराला येतात. एका पोराच्या बापानं मला दारातच विचारलं, "सर, पोरगं खेळायला गेल्यावर सोयाबीन कोण काढावं?" याला उत्तर नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं कोयत्याबरोबर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मग फेब्रुवारी-मार्चात हळद काढणं, शिजवणं. शिवाय शेतीची वीज रात्रपाळीची असली की दारं धरायला पोरगंच जातं. रात्रभर पाण्यात उभं राहिलेल्याला पहाटे पळवू नये. मी सराव संध्याकाळी घेतो आणि कोण का आलं नाही याची चौकशी करत नाही.

3. संघातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनला येतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीनं टाकलेली तारीख! वयाच्या पुराव्याची फाईल स्पर्धेच्या महिनाभर आधी उघडा, आदल्या रात्री नाही.

4. वजन आडतीवर करतो, पोती मोजायच्या काट्यावर. हमाल लोक थट्टा करतात, "ह्याचा भाव काय लावायचा?" पण थट्टेपेक्षा वाईट म्हणजे दोन किलो उतरवायला पोरं दिवसभर पाणी पीत नाहीत. अशा गड्याची पहिली चढाई झोकात होते, मध्यंतरानंतर त्याचे पाय उचलत नाहीत. ज्याचं वजन काठावर आहे, त्याला महिनाभर आधी सांगावं, नाहीतर राखीव खेळाडू तयार ठेवावा.

5. चढाई टीव्हीवरून शिकता येते, पकड येत नाही. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावातलं प्रत्येक पोरगं चढाईपटू झालं. डुबकी मारायला सगळे तयार, कोपऱ्यात उभं राहायला कुणी नाही. खरं तर सामना कोपरा जिंकून देतो. घोट्याची पकड घेताना हात आधी पुढं गेला की चढाईपटू टाच झटकून निघून जातो. त्याचा पाय मातीवर टेकायची वाट बघायची, भार त्या पायावर आला की मगच खाली जायचं, आणि डोकं बाजूला ठेवायचं, नाहीतर गुडघा तोंडावर बसतो. हे एवढं शिकवायला महिने जातात. आमच्या गावातले म्हातारे म्हणतात, आता 30 सेकंदांचं घड्याळ आलं, आमच्या हुतूतूत दम टिकेपर्यंत गडी आत. त्यांचं ऐकून मी अजूनही पोरांकडून दम घुमवून घेतो. घड्याळ पंचाकडं असतं, छाती आपलीच.

6. मातीवर वाढलेल्या पोराला थेट मॅटवर उतरवू नका. मातीत पाय थोडा घसरतो, म्हणून गुडघा वाचतो. मॅटवर बूट धरून ठेवतो आणि वरचं अंग वळतं. आमच्याकडं मॅट नाही, म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी आदल्या दिवशी पोहोचतो. तेवढाच इलाज.

7. दुखापतीवर आधी बर्फ. चोळायचं नाही, गरम हळदीचा लेप त्याच दिवशी लावायचा नाही. हळदीच्या मुलखात हे पटवणं सोपं नाही. आज्जी लोक ऐकत नाहीत. रसवंतीवाल्याकडं मात्र बर्फ कायम मिळतो, आणि तो पैसे घेत नाही.

8. जिल्हा छोटा झाला की पोरांचं भलं होतं. 1 मे 1999 ला हिंगोली परभणीतून वेगळी झाली. आधी निवड चाचणीला परभणी गाठायची, आणि अख्ख्या मोठ्या जिल्ह्यातून 12 जण निवडायचे. नंतर औंढ्यावरून हिंगोलीची वाट धरली आणि त्या 12 जागांसाठी दावेदार कमी झाले. राजकारणावर माझं काही मत असो, ह्या एका हिशेबात मी नव्या जिल्ह्याच्या बाजूनं आहे.

9. आईबाप खेळासाठी पाठवत नाहीत, भरतीसाठी पाठवतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या पुढं मजल मारावी लागते, हे मात्र कुणालाच ऐकायचं नसतं. मी दोन्ही सांगतो. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स काढून एक प्रत दुकानात ठेवतो, कारण पोरांच्या घरी कागद पावसाळ्यात भिजतात.

10. वय सरलेल्या पोरांना सोडू नका. शिकवणारे तेच आहेत. डावा कोपरा आजच्या पोराला मी शिकवला नाही, तीन वर्षांपूर्वी संघातून बाहेर पडलेल्यानं शिकवला. तो आता पोलीस भरतीची तयारी करतो, संध्याकाळी पळून आला की तासभर मैदानावर थांबतो. दिवाळीत जुने विरुद्ध नवे असा सामना होतो. पुण्याहून, छत्रपती संभाजीनगरहून सुट्टीला आलेले गडी पोट आत घेऊन उतरतात. पूर्वार्धात लोण चढवतात, उत्तरार्धात धापा टाकतात. हरलेल्यांनी नव्यांच्या जर्सीचे पैसे द्यायचे असं ठरलेलं आहे. पंच आपल्याच बाजूचा असावा म्हणून जुने गडी आठवडाभर आधीपासून माझ्या मागं लागतात.