मोटर जळाली, पण कशाने?

शेतीच्या सबमर्सिबल पंपांच्या तक्रारींचा अभ्यास करणं हे माझं काम. त्यातून पटलेल्या काही गोष्टी.

१. 'मोटर जळाली' हे निदान नव्हे. शेतकरी, वायरमन, डीलर सगळे हेच सांगतात आणि वॉरंटीच्या फॉर्मवरही हेच उतरतं. मोटर उघडून बघावी. स्टार जोडणीत एक फेज गेला असेल, तर दोन फेजचं वायंडिंग काळं पडतं आणि तिसऱ्याचं नव्यासारखं राहतं. व्होल्टेज सतत कमी मिळालं असेल, तर तिन्ही सारखीच करपतात. बोअर आटून पंप कोरडा फिरला, तर बुश आधी जातात, कारण त्यांना वंगण पाण्याचंच. रेती आली असेल, तर बुश आणि इंपेलर झिजलेले दिसतात. ही चार वेगळी दुखणी एका रकान्यात कोंबली, की पुढचं गणित वाया.

२. महिने मोजू नयेत. चाललेले तास आणि स्टार्ट मोजावेत. कृष्णाकाठच्या उसावरचा पंप आणि जालन्याच्या मोसंबीच्या बागेतला बोअरचा पंप एकाच दिवशी बसवले, तरी वर्षाने त्यांचं वय सारखं नसतं. उन्हाळ्यात बोअर लवकर उपसतो. थांबा, पाणी भरलं की पुन्हा चालू. प्रत्येक स्टार्टला मोटर पाच ते सात पट करंट ओढते.

३. रेतीने गेलेला पंप वायंडिंगच्या हिशेबातून काढू नये. तो ९०० तास चालला असेल, तर वायंडिंगने तेवढा दम नक्की धरला. शेतात अजून चालू असलेल्या पंपांचंही तेच. फक्त परत आलेल्या मोटरींवरून काढलेलं आयुष्य कमीच निघतं.

४. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांच्या १९५१ च्या लेखातलं संख्याशास्त्रीय वितरण आम्ही आयुष्याच्या हिशेबाला नेहमी वापरतो. त्यातला आकार-घटक १ पेक्षा कमी आला, तर दोष बनावटीचा किंवा बसवण्याचा. १ च्या आसपास असेल, तर बिघाड केव्हाही येणारा. बराच जास्त असेल, तर झीज. पण नदीवरचे आणि बोअरवरचे पंप एकत्र टाकले, की दोन्हीकडची स्पष्ट झीज मिसळून घटक खाली येतो आणि पंप नशिबाने जळतात असं वाटू लागतं. हा घोळ मला सर्वांत घातक वाटतो, कारण नशीब म्हटलं की उपाय कुणी शोधत नाही.

५. रेती, वायंडिंग, केबलचा जॉइंट: प्रत्येकातून तीन वर्षं वाचण्याची शक्यता ९० टक्के धरली, तरी तिन्हींतून वाचण्याची ७३ टक्केच. तीही कारणं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. प्रत्यक्षात बुश झिजले की रोटर घासतो, करंट वाढतो, वायंडिंग तापतं. म्हणून जळालेल्या मोटरीचेही बुश मोजावेत.

६. डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत जावं. लाइट आली की ऑटो स्टार्टरवरचे सगळे पंप एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. तिन्ही फेजमध्ये ३ टक्के असमतोल असला, तरी मोटरची तापमानवाढ साधारण १८ टक्क्यांनी चढते. डीपीचं अंतर, लोडवर तिन्ही फेजचं व्होल्टेज, मे महिन्यातली पाणीपातळी आणि ऑटो आहे की नाही, हे चार रकाने वॉरंटीच्या फॉर्मवर हवेत, यासाठी मी अजून भांडतो आहे.