नौकेमागील लाटेवर

गेल्या सुट्टीत माझ्या वर्गातील दोघे एक लांबट फळी घेऊन मजकडे आले. काकांच्या इंजिनाच्या होडीस दोर बांधून त्या फळीवर उभे राहावयाचे, असा त्यांचा बेत होता. मी साफ नाही म्हटले. पण कारण नीट सांगितले नाही. ते येथे सांगतो.

ह्या खेळास 'वेकसर्फिंग' म्हणतात. चालती नौका पाणी दुभंगते आणि तिच्या पाठीशी एक उतरती लाट तिच्याबरोबरच धावत राहते. नौकेत एका बाजूस वजन ठेवून ती किंचित कलती केली, म्हणजे त्या बाजूची लाट उंच होते. खेळाडू ह्या उतारावरून घसरत असतो. परंतु उतारही पुढे सरकत असल्यामुळे तो संपत नाही. म्हणूनच अखेरीस त्यास दोराचीही गरज उरत नाही.

खरी अडचण आहे ती पाण्यातून उठण्याची. ह्या खेळाचे थोरले भावंड जे 'वॉटर स्कीइंग', त्यात ती अडचण राल्फ सॅम्युएलसन ह्या तरुणाने १९२२ साली सोडविली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सीमेवर पीपिन नावाचे सरोवर आहे. तेथे त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायांस बांधून पाहिल्या, मग बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्या. दोन्ही व्यर्थ. नंतर ८ फूट लांब व ९ इंच रुंद अशा दोन फळ्या घेऊन, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने वर वाकविली. तरीही तो पडतच होता! शेवटी २ जुलै रोजी तो मागे रेलला, टोके पाण्याबाहेर ठेवली, आणि नौकेने ओढताच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यास एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले.

वेकसर्फिंगमध्येही युक्ती तीच. तरंगते जाकीट घालून पाण्यात उताणे राहावे, टाचा फळीच्या कडेवर टेकवाव्या, गुडघे छातीशी घ्यावे. हात सरळ ठेवावे. दोर स्वतःकडे ओढू नये. नौका हळू निघाली की टाचा दाबाव्या, म्हणजे फळी आपोआप उभी होऊन तळव्यांस लागते. तिरपी फळी पाणी खाली लोटते, आणि पाणी तिला वर उचलते. ह्यास क्षणभर अवधी लागतो. जो तेवढ्यात पाय ताठ करतो, तो पाण्यापुढे भिंतीसारखा आडवा येतो आणि दोर हातातून निसटतो. तोवर उकिडवेच राहावे. (आपल्याकडील मुलांस हे आसन जड जाऊ नये, असे मला वाटते.) वेग ताशी सोळा-सतरा किलोमीटर पुरतो. पुढे लाटेवर दोर सैल पडू लागला, म्हणजे तो सोडावा. हातास मात्र तो कधीही गुंडाळू नये.

आता माझ्या नकाराचे कारण. लाटेवरील खेळाडू नौकेच्या अगदी निकट, काही हातांवर असतो. मासेमारीच्या होडीचे इंजिन मागच्या टोकास अडकविलेले असते आणि पंखा तेथेच फिरतो. पुढे घसरलेला मुलगा थेट त्यावर जाईल. ह्या खेळाच्या नौकांत पंखा तळाखाली, मागच्या टोकापासून बराच आत असतो. शिवाय इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाही, रंग नाही. मागील बाजूस चिकटून राहणाऱ्यास तो गुंगवितो.

उठण्याचा सराव मात्र जमिनीवर करता येतो. त्या दोघांनी शाळेच्या मैदानात तो चालविला आहे. एक उकिडवा बसतो, दुसरा दोर ओढतो. धाकटा अजून हात आखडतो आणि तोंडघशी पडतो.