रविवारी शाहू स्टेडियमवर जाण्याआधी

शिरपूर, जि. धुळे

चि. बाळूस,


ताईने काल तुझा निरोप ऐकवला. रविवारी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना आहे, समोर खालच्या गटातून नुकताच वर आलेला संघ आहे, पाच-सहा गोल सहज होतील, बघण्यासारखं काही नाही पण पोरांबरोबर जाऊन येतो, असं तू म्हणालास. शिकायला कोल्हापुरात गेलास आणि बघता बघता तिथल्या एका तालमीचा झालास, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते ‘बघण्यासारखं काही नाही’ डोक्यातून जाईना. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला.

तुला काय मिळालंय ते आधी ओळख. आपल्या शिरपुरात कबड्डी आहे, कुस्ती आहे, व्हॉलीबॉल आहे, क्रिकेट तर गल्लीगल्लीत आहे. फुटबॉल मात्र शाळेच्या कपाटात हवा गेलेला पडून असायचा. 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार म्हणून 15 सप्टेंबर 2017 ला राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या मैदानावरही चेंडू आले. एका चेंडूमागे पन्नास पोरं धावत होती, चपला एकीकडे, दप्तरं एकीकडे. मी इतकी वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून काढली, पण मैदानावर एवढा आनंद क्वचितच पाहिला. पुढे ते टिकलं नाही, कारण पोरांना दर आठवड्याला कुणाशी तरी खेळायला लागतं, आणि समोर संघच नव्हते.

कोल्हापुरात ते आहेत. 1940 साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन तिथे साखळी चालवते. वरच्या गटातच सोळा संघ, आणि त्याखाली आणखी गट. पेठेतली तालीम कुस्तीसाठी उभी राहिली आणि तिथलीच पोरं फुटबॉलमध्ये उतरली. 17 वर्षांखालील त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. हे सगळं काही दोन-चार मोठ्या संघांवर उभं नाही. तळाचे बारा संघ दरवर्षी हरण्याची तयारी ठेवून मैदानात उतरतात, म्हणून वरचे चार मोठे दिसतात. खालच्या गटातून जो संघ वर येतो, तो तुझ्या लाडक्या तालमीला खेळायला कुणीतरी पुरवतो. शिरपुरात नेमकं तेच कमी पडलं, म्हणून मला ते इतकं ठळक दिसतं.

आता तुझ्या पाच-सहा गोलांकडे येतो. कबड्डीत तीस-चाळीस गुण होतात. एखादी पकड चुकली, एखादी चढाई फसली तरी बलवान संघाला भरून काढायला पुष्कळ वेळ असतो, म्हणून शेवटी बहुधा तोच जिंकतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन किंवा तीन गोल होतात, कधी एकही होत नाही. तू वीस वेळा गोलवर मारलंस आणि समोरच्याने एकदाच, पण ते एकदाचं आत गेलं, तर निकाल त्याचा. इतके कमी गोल होतात म्हणूनच या खेळात दुबळ्याला इतकी जागा आहे. लहान संघाच्या प्रशिक्षकाला हे पक्कं ठाऊक असतं. तो चार आणि चार अशा दोन रांगा आपल्या डीच्या पुढ्यात उभ्या करतो, मधली वाट बंद करतो, चेंडू तुमच्याच पायात राहू देतो आणि कॉर्नरची, फ्री किकची किंवा एका लांब चेंडूची वाट बघत बसतो. त्याला भित्रेपणा म्हणू नकोस. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, याचा तो सरळ हिशेब आहे.

8 जून 1990 ची रात्र मला अजून आठवते. दूरदर्शनवर विश्वचषकाचा पहिला सामना, मॅराडोनाचा अर्जेंटिना जगज्जेता, समोर कॅमेरून. कॅमेरूनच्या दोघांना पंचांनी बाहेर काढलं, तरी ओमाम-बियिकच्या हेडरवर ते 1-0 ने जिंकले, शेवटी तर नऊच जण मैदानावर होते. कतारमध्ये 22 नोव्हेंबर 2022 ला तेच झालं. मेस्सीने पेनल्टीवर गोल केला, पुढचे तीन गोल ऑफसाइड ठरले आणि सौदी अरेबियाने उत्तरार्धात दोन गोल करून सामना खिशात घातला. पण यातली दुसरी बाजू लोक विसरतात. अर्जेंटिना 1990 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि 2022 मध्ये विश्वचषकच घेऊन आला. लहान संघाकडून हरलेला मोठा संघ संपत नाही. काय चुकलं ते त्याने दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं, तर तो आणखी मोठा होतो. तू ज्यांचा आहेस त्यांच्यावर कधी अशी वेळ आलीच, तर रस्त्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा हे आठव.

आणि आपण स्वतः किती वेळा लहान होतो, तेही बघ. 29 जुलै 1911 ला कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे दहा खेळाडू अनवाणी होते. बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात होते. ती गोष्ट तुला शाळेत मीच सांगितली होती, म्हणून लांबवत नाही. अलीकडचं सांगतो. एप्रिल 2022 मध्ये मुंबई सिटी हा फुटबॉल क्लब रियाधला गेला. पहिल्या सामन्यात अल शबाबने त्यांना 3-0 ने हरवलं होतं. तीनच दिवसांनी समोर इराकचा विजेता अल-कुवा अल-जाविया. मुंबई एका गोलने मागे पडली, मग पेनल्टीवर बरोबरी झाली आणि आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने हेडरवर विजयी गोल केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. त्या रात्री इराकमधला कुणी कॉलेजकुमार सामन्याआधी म्हणालाच असेल, भारताचा संघ आहे, बघण्यासारखं काही नाही.

खालिद जमील यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण ती मला फार जवळची वाटते. मुंबई एफसी नावाचा एक संघ होता. पैसा बेताचा, खेळाडू साधे. जमील तिथे सात हंगाम प्रशिक्षक होते आणि दरवर्षी त्या संघाला आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय साखळीत टिकवून ठेवत होते. टिकवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. 2016 मध्ये ते तिथून गेले आणि मिझोरामच्या ऐझॉल एफसीला मिळाले. हा संघ त्याच वर्षी आय-लीगमधून बाहेर पडला होता. गोव्याच्या तीन क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत घेतलं गेलं. म्हणजे जो संघ खरं तर त्या साखळीतच नसायचा, तो घेऊन जमील उतरले. 22 एप्रिल 2017 ला ऐझॉलने मोहन बागानला 1-0 ने हरवलं, आणि 30 एप्रिलला शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी साधून ते भारताचे विजेते झाले. ईशान्येतला कुठलाही क्लब त्याआधी तिथे पोहोचला नव्हता. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून खाली गेली. सात वर्षं संघाला तळापासून वर धरून ठेवणं हे किती मोठं काम होतं, ते तेव्हा कळलं. 2025 मध्ये जमील भारताचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच स्पर्धेत, क्रमवारीत कितीतरी वर असलेल्या ओमानला त्यांच्या संघाने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. रविवारी समोरच्या बाकावर जो प्रशिक्षक बसलेला असेल, त्यानेही वर्षभर असंच काही केलेलं असणार. त्याच्याकडे एकदा तरी नीट बघ.

लहान संघ नेहमी जिंकतो असं मी तुला सांगत नाही, ते खोटं ठरेल. 2025 च्या ड्युरंड चषकात डायमंड हार्बर हा तीनच वर्षांपूर्वी सुरू झालेला क्लब पहिल्यांदा उतरला. उपांत्य सामन्यात त्याने ईस्ट बंगालला 2-1 ने बाहेर काढलं आणि तीन दिवसांनी अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडकडून 6-1 ने मार खाल्ला. रविवारी तुझे पाच गोल होतीलही. झाले तर मला आनंदच आहे, तुझी तालीम ती माझी तालीम. पण पाच गोल झाले तरी बघण्यासारखं खूप असतं, एवढंच माझं म्हणणं.

काय बघायचं ते सांगतो. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नकोस. समोरच्या बचावफळीतली चार पोरं एका ओळीत सरकतात का, त्यांच्यात आवाज कुणाचा आहे, ते बघ. त्यांचा गोली चेंडू आला की पुढे येऊन उचलतो की रेषेवरच थांबतो? तुमचे दोन्ही बाजूंचे बचावपटू किती वर चढतात आणि मागे किती जागा मोकळी सोडतात? साठाव्या मिनिटाला स्कोअर 0-0 असेल तर गॅलरीत कुरकुर सुरू होईल. त्या क्षणी तुमच्या संघाच्या खेळात काय बदल होतो ते तर नक्कीच बघ. लोक ओरडायला लागले की पोरं लांबून मारायला लागतात, मधले दोघं पुढे धावतात आणि मागे दोघंच उरतात. समोरचा संघ त्याच मिनिटाची वाट बघत असतो. म्हणजे तो गोल अर्धा गॅलरीने खाल्लेला असतो.

म्हणून तिथे तुझं काम आहे. चुकलेल्या आपल्या आघाडीपटूला शिवी घालू नकोस, शेजारच्याने घातली तर त्याचा हात धर. समोरच्या संघाच्या जुन्या जर्सीवर, त्यांच्या कमी समर्थकांवर, कुणाच्या आईवर किंवा पेठेवर घोषणा चालल्या तर तू गप्प बस, आणि जमलं तर मित्रांनाही गप्प बसव. ती पोरं दिवसभर दुकानात, गॅरेजमध्ये, कुणाच्या तरी हाताखाली काम करून सरावाला येतात. तुमच्या संघातलीही बरीचशी तशीच असतात. तालमीत शिकलेला पैलवान समोर कोण आहे ते बघून सलामी देत नाही, सलामी सगळ्यांना सारखीच असते. ज्या तालमीचं नाव तू छातीवर लावून फिरतोस, तिथली ही रीत आहे, खान्देशातल्या मामाने शोधून काढलेली नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेचा संघ एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेला आला होता, त्यांची आठवण इथे येतेच. बरीच पोरं पावरा समाजाची, बुटांचा पत्ता नाही, अंगावर वेगवेगळ्या रंगांचे टी-शर्ट. आमची शहरातली मुलं त्यांच्याकडे बघून हसली. खेळ सुरू झाल्यावर दिसलं की ती मुलं थकतच नाहीत. आमची मुलं उत्तरार्धात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ती तशीच धावत होती. सामना आम्ही जिंकलो, एका गोलने. संपल्यावर मी आमच्या मुलांना त्यांच्या प्रत्येकाचं नाव विचारून यायला लावलं. आपली आजी त्या वेळी होती, तिला घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, ‘कोनलेच कमी समजू नको भाऊ.’

तुलाही तेच काम देतो. रविवारी निघण्याआधी समोरच्या संघातल्या निदान पाच जणांची नावं शोधून ठेव. कोण कुठल्या पेठेतला किंवा गावातला, कोण काय काम करतो, मागच्या सामन्यात कुणी गोल केला. सामना संपला की तू जिंकलेला असशील किंवा हरलेला, गेटजवळ थांब आणि त्यांच्यातल्या एकाला तरी चांगला खेळलास असं सांगून ये. मगच मित्रांबरोबर मिसळ खायला जा.

सोमवारी रात्री फोन कर. स्कोअर मी आधीच कुठूनतरी मिळवलेला असेल, तेव्हा तो सांगण्यात वेळ घालवू नकोस. समोरच्या गोलीने काय केलं, ते सांग. ताईने भुईमुगाच्या शेंगा आणि कळण्याचं पीठ वेगळं काढून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात तिकडे येणारं कुणी मिळालं की पाठवतो. परीक्षेचा अभ्यास चालू ठेव.

तुझा,
मामा