जीजीटी वाढलं म्हणजे दारू सुरूच?

प्रश्न : दारू सोडून महिना झाला, असं पती सांगतात, पण रिपोर्टमध्ये जीजीटी वाढलेलं आहे. ते खोटं बोलतात का? उदासही असतात. या उदासीची रक्ततपासणी होते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, एवढ्यावरून त्यांना खोटं ठरवू नका. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम फॅटी लिव्हरनं वाढतं, फिटच्या काही गोळ्यांनीही. दारू सुटल्यावर ते उतरायला कित्येक आठवडे लागतात. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, तर त्याहून हट्टी. कारण या पेशी जगतातच सुमारे 120 दिवस. दारूसाठीची पेथ (PEth) ही रक्ततपासणी अधिक नेमकी. मागच्या दोन-चार आठवड्यांतलं पिणं तीत दिसतं. पण ती त्यांच्या संमतीनंच करा.

नैराश्याचं निदान मात्र रक्तातून होत नाही. महिनाभरानंतरही उदासी टिकली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जीव द्यायची भाषा आली तर त्याच दिवशी. आणि पुन्हा रोजचं पिणं सुरू झालंच, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. झटके येऊ शकतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.